वीसपैकी चार

श्यामलाबाईंना गणितात वीसपैकी चार गुण पडले, हे कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी गागोद्याकडच्या त्या शाळेत कुणाला पटलं नसतं. सोळा वर्षं बाई सहावी-सातवीला गणित शिकवत होत्या. दुसरी हौस म्हणून नव्हतीच त्यांना. पेणला रामवाडीत घर, तिथून रोज शाळा, आणि शाळेत गणित. बस्स.

आता हे झालं कसं, तर निधीमुळे. शिक्षकांच्या विषयवार प्रशिक्षणाचा सरकारी निधी येतो मार्चमध्ये, आणि महिना संपायच्या आत तो उडवायचा असतो. म्हणून ऐन परीक्षेच्या तोंडावर पाच दिवस रोह्याला गणिताच्या प्रशिक्षणाचं बोलावणं. शाळेने दोन नावं द्यायची होती, तर श्यामलाबाईंबरोबर मराठीच्या नूतनबाईंचंही दिलं. पहिल्या दिवशी पूर्वचाचणी, शेवटच्या दिवशी उत्तरचाचणी. शिक्षक किती सुधारले ते म्हणे या दोन आकड्यांवरून वरच्यांना कळतं. डोंबल कळतं!

पेपर वाटता वाटता प्रशिक्षण देणारे कमळाकर सर हसत म्हणाले, "मंडळी, नेहमीचंच. आज जरा हात राखून. आजच सगळं बरोबर आलं, तर आम्ही शिकवलं काय, असं वरून विचारतील. पुढच्या वर्षीचा निधी गेलाच मग."

सगळे हसले. दर वर्षी हेच चालतं. यात लाज वाटण्यासारखं काही आहे, हेच मुळी सगळे विसरलेत. श्यामलाबाईंनी प्रत्येक गणित आधी मनात सोडवलं आणि मग उत्तर चुकीचं लिहिलं. चार तेवढी बरोबर ठेवली, अगदीच वाईट दिसायला नको म्हणून.

नूतनबाईंची पेणहून यायची गाडी चुकली होती. त्या अर्ध्या तासाने धापा टाकत आल्या, त्यामुळे सरांचं बोलणं त्यांच्या कानावर गेलंच नाही. गणित म्हटलं की त्या चार हात लांब. घाम पुसत जमेल तसं सोडवलं बिचारीने. अकरा आले.

आणि तिसऱ्या दिवशी प्रशिक्षण गुंडाळलं. उरलेला निधी दुसरीकडे वळवलाय, घरी जा, म्हणाले. उत्तरचाचणी झालीच नाही.

जूनमध्ये यादी आली. पूर्वचाचणीत दहाच्या खाली गुण असलेल्यांनी पुन्हा प्रशिक्षण होईस्तोवर तो विषय शिकवू नये. पुन्हा प्रशिक्षण कधी? तर निधी आल्यावर. बाईंनी कमळाकर सरांना फोन लावला.

"मी असं म्हटलं होतं? मला नाही आठवत हो, बाई."

शिक्षण खात्यातल्या साहेबांकडे जावं, तर सांगायचं काय, सरकारी पेपर मुद्दाम चुकवला म्हणून? मुख्याध्यापकांनी वेळापत्रक बदललं. गणित नूतनबाईंना, मराठी श्यामलाबाईंना.

बाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. राग यायला हवा होता, तोही आला नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं काहीतरी झालं होतं. रोज सकाळी नूतनबाई पुस्तक घेऊन यायच्या, "श्यामला, एवढं सांग गो, वर्गात काय तोंड दाखवू?" बाई सांगायच्या. अपूर्णांक भाकरीवर, उणे संख्या विहिरीच्या पायऱ्यांवर. तासाभराने तेच भिंतीपलीकडून ऐकू यायचं, शब्दाला शब्द. बाई इकडे कवितेचा अर्थ सांगत राहायच्या.

एक दिवस पाचवीतून वर आलेली मैना मधेच उभी राहिली. "बाई, तुमाला गणित येत नाय, व्हय? यादीत नाव हाय, असं आमचे आण्णा बोलले."



येतं, असं म्हणता आलं असतं. मग चार गुण कसे, ते सांगावं लागलं असतं. येत असलेलं उत्तर सोडून चुकीचं लिहिलं, हे सहावीतल्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"नाय येत," बाई म्हणाल्या.

मैनाला वाईट वाटलं. "मग आमच्या गणिताच्या तासाला बसा ना मागं, बाई. नूतनबाई जाम सोपं करून सांगतात."

बाईंनी मान हलवली आणि पुढची कविता काढायला सांगितली.