दोन्हीकडे सारखं

“चुकलेला ठेवाचा नाय गो. पुसून टाक. साफ पूस.”

कमळीआते पाटावर बसून माझ्या फोनकडे बोट दाखवायची आणि हे सांगायची. गाताना मध्येच खोकला आला, एखादी ओळ मागेपुढे झाली, की हात वर. मग मी ते पुसल्याशिवाय ती पुढे गायची नाही.

आते म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. जूचंद्रची धवलारीण. आमच्या आगरी लग्नात भटजी येतो तो नंतर. आधी मांडवाची मेढ, मग हळद, मग पाणी आणायला जाणं, प्रत्येक गोष्टीचा धवला असतो, आणि तो गाणारी बाई असते. आतेकडे असे बावीस होते, तिच्या सासूने दिलेले. त्यात आमच्या गावची मिठागरं होती, बुजलेल्या तळ्यांची नावं होती, वारलेल्या माणसांची घराणी होती. तिच्या मागे ओळ धरणाऱ्या दोघी आधीच गेल्या होत्या. सुनेला आवाज नव्हता. नात रचना बँकेत नोकरीला, तिला वेळ नव्हता.

“मग तुझ्या त्या मशिनीन भर,” आतेच म्हणाली. “पन ते मशिनीचा काय झाला तर?”

मग मी तिला माझं काम समजावून सांगितलं. घरातलं कोणी मला कधी ते विचारत नाही, म्हणून जरा जास्तच उत्साहाने सांगितलं असेल.

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं ऑफिस आहे. लहान हॉस्पिटलांचे आणि लॅबचे रिपोर्ट आम्ही सांभाळतो. ते ऑफिसात नसतात. दोन डेटा सेंटरमध्ये असतात. एक ऐरोलीकडे, दुसरं तिथून बरंच लांब, अंबरनाथच्या बाजूला. दोन्हीची वीज वेगळी, तार वेगळी, डिझेलची टाकी वेगळी. एकात आग लागली, पाणी शिरलं, तरी दुसरं त्याच क्षणी पुढे होतं. रोग्याला कळतही नाही. दोन्हीकडे सगळं सारखं आहे ना, एवढं बघणं हे माझं काम. मी लागले तेव्हा दुसरं सेंटर पहिल्याच्या चार तास मागे असायचं. अकरा वर्षांत मी ते अंतर कमी करत करत एका सेकंदाच्या आत आणलं. आयुष्यात काय केलंत असं मला कोणी विचारलं, तर सांगण्यासारखं हे एवढंच आहे. दोन वर्षांपूर्वी ऐरोलीचं सेंटर त्रेचाळीस मिनिटं बंद पडलं होतं, आणि आमच्या एकाही हॉस्पिटलचा फोन आला नाही. त्या दिवशी आमचे क्लिफर्ड सर सांडोरहून स्वतःच्या वाडीतल्या केळ्यांची सुकेळी घेऊन आले, सगळ्यांना वाटली, मला दोन जास्त दिली.

आतेने सगळं ऐकून घेतलं. “म्हंजी दोन घरा. एक जाव ऱ्हेली आयरोलीला, दुसरी आंबरनाथला.”

“तसंच.”

“बोलतान काय एकमेकींशी?”

“क्षणाक्षणाला बोलतात, आते. एकीला सांगितलं की दुसरीला लगेच कळतं.”

“जावा न भांडत नाय?” ती हसून लोळायची बाकी राहिली. “खोटा बोलतंस गो तू.”

क्लिफर्ड सरांना विचारून मी दोन्ही सेंटरमधल्या कंपनीच्या जागेतला एक कोपरा धवल्यांसाठी घेतला. मार्च ते मे, दर शनिवारी दुपारी मी आचोळ्याहून जूचंद्रला जायची. पंखा बंद, खिडकी बंद, आते घामाने निथळत गायची. ऐकायची परवानगी फक्त घरच्यांच्या फोनला; पुसायचीही, कारण ऐकताना चूक सापडली तर आतेला ती तिथल्या तिथे पुसून हवी असायची. उतरवून घेता येणार नाही, लग्नाशिवाय वाजवायचं नाही, ही आतेची अट. फोनची जागा भरत आली तसे भरून झालेले धवले मी माझ्या फोनमधून काढून टाकत गेले. दोन ठिकाणी आहेत, तिसरं कशाला?

एकच गोष्ट अडली. पुसलेलं लगेच जात नाही. तीस दिवस बाजूला पडून राहतं, कोणाची चूक झाली तर परत आणता यावं म्हणून. हे मी सहज बोलून गेले.

आते ताडकन उठून बसली. “तीस दिस? माझा मोडका धवला तीस दिस त्या मशिनीन?”

ती का घाबरते ते मला ठाऊक होतं. चाळीस वर्षांपूर्वी एका लग्नात तिला ठसका लागला आणि हळदीचा धवला अर्ध्यात तुटला. ती नवरी वर्षाच्या आत माहेरी परत आली. कोणी आतेला बोल लावला नाही, पण तिने तो स्वतःलाच लावून घेतला. तेव्हापासून मोडलेला धवला कुठे राहू द्यायचा नाही, असं तिचं व्रतच होतं म्हणा. व्रत म्हणजे काय ते मला कळतं. दिवा लावल्याशिवाय मीसुद्धा चहा घेत नाही. दोन शनिवार ती गायलीच नाही. तिसऱ्या शनिवारी मी दोन्हीकडची ती तीस दिवसांची सोय आमच्या कोपऱ्यापुरती बंद केली आणि तिला फोनवर दाखवलं.

“आता पुसला का पुसला?”

“पुसला की पुसला, आते.”

“आता कसा!” म्हणाली, आणि एका बैठकीत तीन धवले गायली.

मेअखेर बावीस पूर्ण झाले. त्यानंतर ती गावभर सांगत सुटली, “माघान रचनाचा लगीन हाय. मी मेलू तरी नातीचे धवले मीच गानार, आयकाला या.” बायका म्हणायच्या, “भूत होऊन येशील काय गो कमळे?” ती म्हणायची, “स्वप्नालीने मना दोन घरा बांधून दिल्यान.”

कार्तिकात ती गेली. झोपेतच. लग्न पुढे ढकलू नका, असं तिनेच सांगून ठेवलं होतं.

सुतकाचे तेरा दिवस मी रोजच्यासारखंच केलं. सकाळी दिवा, मग दोन्ही सेंटरची तपासणी, मग चहा. तपासणी फक्त फरक दाखवते. फरक नसला की एकच ओळ येते, ‘दोन्हीकडे सारखं’. तेराही दिवस तीच ओळ आली.

चौदाव्या दिवशी सकाळी ऑफिसात असताना रचनाचा फोन आला. “आत्या, आजीचा एक तरी लाव ना. खूप आठवण येते. माझ्या फोनवर काहीच दिसत नाहीये.”

मी उघडलं. ऐरोलीला शून्य. अंबरनाथला शून्य. दोन्हीकडे सारखं.

क्लिफर्ड सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते. पुसल्याची नोंद सापडली. सुतकाचा तिसरा दिवस, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं, दीपेशच्या फोनवरून. दीपेश म्हणजे आतेचा मुलगा, रचनाचा बाप. दुसऱ्या सेंटरची वेळही तीच, सेकंदसुद्धा तोच.

“सर, दुसऱ्याने तरी थांबायला हवं होतं.”

“का थांबेल?” ते हळूच म्हणाले. “आग लागली तर दुसरं वाचवतं, स्वप्नाली. पण हुकूम दोघांना एकच जातो. पुसा म्हटलं, दोघांनी पुसलं. तूच शिकवलंस त्यांना, लगेच ऐकायला.” मग म्हणाले, “तीस दिवसांचं?”

“मी बंद केलं होतं.”

त्यांनी सेंटरवाल्यांना फोन केला, ओळखी काढल्या, दुपारपर्यंत बसले. तिकडून एकच उत्तर, सोय बंद होती तर आमच्याकडे काही नाही. सर संध्याकाळी निघताना माझ्या टेबलापाशी उभे राहिले. “माझी मम्मी गेली ना, तिचा तर आवाजपण नाय माझ्याकडे,” एवढं म्हणाले आणि गेले.

रविवारी दीपेश आमच्या घरी आला. मी काही विचारायच्या आत सोफ्यावर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बोलायला लागला.

“तिसऱ्या दिवशी घर भरलं होतं, ताई. माझ्या फोनवर मीच आईचा आवाज लावला. कानात लावणार होतो. तो साला स्पीकरला जोडलेला. पूर्ण घरात हळदीचा धवला! सुतकात! भावकीतल्या बायका अंगावरच आल्या. मेलेल्या घरात हळद गातोस, पोरीचं लग्न आहे, अक्कल आहे काय. काकी तर रडायलाच लागली. मला काही सुचेना. म्हटलं, सगळे धवलेच काढून टाकतो फोनमधून. फोनने विचारलं, सगळीकडून काढू? मला वाटलं, घरातल्या सगळ्यांच्या फोनमधून. हो केलं.”

“दीपेश...”

“तू बोलली होतीस. आईला बोलली होतीस माझ्यासमोर. एक गेलं तरी दुसरं राहतं. म्हणून मी एवढा बिनधास्त राहिलो ना! मला वाटलं, ताईकडे आहे.” त्याने वर बघितलं. “नाही ना राहिलं?”

“नाही.”

“काही म्हणजे काहीच? अर्धा? एक ओळ?”

“माझ्याकडे यादी आहे. प्रत्येकाची लांबी आहे. हळदीचा सात मिनिटं बारा सेकंद.”

तो हसल्यासारखं करून रडला. पन्नाशीचा माणूस. आमचे हे आतल्या खोलीत होते, ते बाहेर आले नाहीत.

“तुला तर आठवत असतील,” तो म्हणाला. “तू समोर बसायचीस.”

हेच मी स्वतःला आठवडाभर विचारत होते. समोर बसायची, पण बघत काय होते? फोनवरची आवाजाची रेघ. खोकला येतो का, कोंबडा ओरडतो का, रेघ लाल होते का. शब्द नंतर निवांत ऐकू म्हणत होते. मला चाल आठवते, दोन नावं आठवतात, आतेच्या कपाळावरचा घाम आठवतो. एकही धवला सलग येत नाही. आणि जुळवून, आपल्या मनाने भर घालून, तिच्या नावावर मी कधीच म्हणणार नाही.

“गायला बाई मिळेल,” दीपेश म्हणाला. “बापाण्याची एक येते. पण ती तिच्या गावचे गाते. आणि आईने सगळ्या गावाला सांगून ठेवलंय. हळदीला शंभर बाया आईचा आवाज ऐकायला बसणार. ताई, मी त्यांना काय सांगू? आईचा आवाज मी पुसला, असं? या तोंडाने मांडवात उभा राहू? रचनाला पण नाही सांगितलं मी.”

मी पाणी आणून दिलं. त्याने घेतलं नाही.

“मी सांगेन,” मी म्हणाले.

“काय सांगशील?”

“की पुसलेलं परत आणायची सोय असते, आणि ती मी माझ्या हाताने बंद केली होती. नाहीतर आज धवले असते.”

“आणि पुसले कोणी, विचारलं तर?”

“ते सांगणार नाही. खोटंही बोलणार नाही. माझी जबाबदारी होती, एवढंच म्हणेन.”

“गावात तुला नावं ठेवतील. मोठी कंप्युटरवाली म्हणतील.”

“ठेवू दे.”

“शब्द दे.”

मी दिला. तो जिना उतरून गेला तेव्हा त्याच्या चपला माझ्या दारातच राहिल्या होत्या. दोन मजले परत चढून येऊन, मान खाली घालून, त्याने त्या घातल्या.

मधले दोन महिने माणसं अजून आशा सोडत नाहीत तसे गेले. रचनाला मी धवले गेले एवढंच सांगितलं होतं; तिच्या एका मित्राने, ज्यावर ते भरले होते तो माझा फोन उघडून बघितला. दुकानवाल्यानेही बघितला, काही निघालं नाही. ऑफिसात क्लिफर्ड सरांनी सगळ्या हॉस्पिटलांसाठी तिसरी प्रत सुरू केली. पुसायचा हुकूम तिला जातच नाही, रोज एकदा घेतात आणि बंद करून ठेवतात. ती मीच लावली. नीट चालते. तिच्यात आतेचं काही नाही.

माघातली हळद गुरुवारी आली. बायका साडेदहाला जमणार होत्या. हळद लागायच्या आधी सांगायला हवं होतं. एकदा गाणं मागून झाल्यावर सांगणं म्हणजे नवरीसमोर तमाशा.

मी नारळ, तांदूळ आणि रचनाची साडी पिशवीत भरली. गुरुवारचा उपास होता, त्यामुळे सकाळी रांधायचं काही नव्हतं.

“मी येऊ बरोबर?” ह्यांनी विचारलं.

“नको. तुम्ही संध्याकाळी या, जेवायला.”

“काही बोलल्या तर?”

“बोलणारच.”

त्यांनी दार धरून ठेवलं. मी चपला घातल्या, पदर खोचला आणि जिना उतरले. नाक्यावर शेअर रिक्षा उभी होती. आत दोघी बसल्या होत्या. एक सरकली.

“कुठे जायचं, काकी?” रिक्षावाल्याने विचारलं.

“आधी स्टेशन,” मी म्हणाले. “मग जूचंद्र.”

“लग्न वाटतं?” सरकलेली बाई पिशवीतल्या नारळाकडे बघून म्हणाली.

“हळद आहे,” मी म्हणाले, आणि पिशवी मांडीवर घेतली.