विंगेतली जागा

पुष्पाबाईंनी पुन्हा डावीकडच्या विंगेकडे मान कलती केली आणि त्या गप्प उभ्या राहिल्या. समोर गोकुळ खांद्यावर पिशवी अडकवून ताटकळला होता. नाटकात तो त्यांचा मुलगा, कामासाठी सुरतेला निघालेला.

"मावशी, तुमची वाट पाहता पाहता माही गाडी निंघून जाईन," तो म्हणाला. तालमीला जमलेला डोणगावच्या शाळेचा हॉल हसला.

सुवर्णा हसली नाही. मागच्या बाकावर बसून तिनं नाटकातल्या आईचं वाक्य केव्हाच ओठांतल्या ओठांत म्हणून टाकलं होतं. सगळं नाटक तिला पाठ होतं. बुलढाण्याची स्पर्धा तोंडावर आली होती. पुष्पाबाईंचं हे थांबणं जात नसेल तर आईचं काम मला द्या, असं तिनं काल दिग्दर्शक प्रसेनजितला सांगितलं होतं. "उद्या पाहू," एवढंच तो म्हणाला होता.

थांबणं जुनं होतं. तरुणपणी पुष्पाबाई जत्रेतल्या नाटकांत कामं करायच्या. वाचता येत नसे. त्यांचे यजमान शेषराव डावीकडच्या विंगेत कंदील घेऊन बसायचे, वाक्य पुटपुटायचे, आणि बाई ते उचलून असं म्हणायच्या की सगळं मैदान चिडीचूप व्हायचं. शेषराव गेले, जत्रेतली नाटकंही गेली. आता घरी नातीनं वाक्यं वाचून दाखवून पाठ करून घेतली होती. भाकरी थापताना बाई ती घडाघडा म्हणत. पण रंगमंचावर पाय पडला की कान आपोआप डावीकडे जायचा.

"मले काढा, बापा," त्या म्हणाल्या. "हे सुवर्णा चांगलं करन. माही सवय आता माह्यासंगंच जाईन."

प्रसेनजित जमिनीवर मांडी घालून बसला होता. त्याची रीतच निराळी. करून दाखवणं नाही, ओरडणं नाही. सुरुवातीला तर त्यानं सगळ्यांकडून नुसतं पाणी भरून घेतलं होतं, खऱ्या हंड्यांनी. "सर, डायलॉग देता का टँकर लावू?" असं गोकुळ वैतागला होता. पुढं एका संध्याकाळी गोकुळनंच बाईंच्या डोक्यावरचा हंडा न सांगता उतरवून घेतला, आणि ती दोघं मायलेक दिसू लागली.

"सवय सोडू नका," प्रसेनजित म्हणाला. "ऐका. मनाचं समाधान होईस्तोवर ऐका." मग तो मागं वळला. "सुवर्णा, तू विंगेत बस. मावशी पाहतात तिथं."

"प्रॉम्प्ट करू?"

"नाही. काहीच बोलायचं नाही."

म्हणजे काम गेलं. सुवर्णा उठली आणि पडद्याआड स्टुलावर जाऊन बसली. तिचे कान तापले होते.

"आई, निंघतो मी," गोकुळ म्हणाला.

पुष्पाबाईंनी मान कलती केली. इतके दिवस सुवर्णानं लांबून फक्त ती मान पाहिली होती. आता चेहरा हातभर अंतरावर होता. तो वाक्य शोधत नव्हता. लेकाची चप्पल उंबऱ्याबाहेर पडायच्या आधीचं घर, त्यातला त्याचा खोकला, त्याची कुरकुर, सगळं कानात भरून घ्यावं, तशी ती बाई ऐकत होती. डोळे सुवर्णावर होते आणि तिच्या पार पलीकडेही. बाईंच्या पाठीमागं गोकुळची पिशवी खांद्यावरून घसरली, त्यानं ती सावरली नाही.

"जाय," पुष्पाबाई म्हणाल्या. "वळून पाहू नको."

गोकुळनं निघायचं होतं. तो तिथंच उभा राहिला.

प्रसेनजितचा आवाज आला. "सुवर्णा, पुढचं वाक्य कोणतं?"

तिनं तोंड उघडलं. एक शब्द आठवेना.

"बरं," तो म्हणाला. "तुला करून पाहायचं होतं ना? ये, उभी राहा."

पुष्पाबाई बाजूला सरकल्या, तिला जागा करून दिली.

सुवर्णानं स्टूल आणखी थोडं अंधारात ओढलं.

"मावशीलेच घ्या, सर," ती म्हणाली. "मले अजून एकदा पाहू द्या."