केळसकर मास्तरांची नामशुद्धी

१९५४ साली चीनशी दोस्तीचं वारं सुटलं होतं. त्या वाऱ्यात ठाण्याच्या एका वाचनालयाने कोपरीतल्या उत्तम केळसकर मास्तरांना व्याख्यानाला बोलावलं. विषय होता 'चिनी विचार आणि आपलं न्यायदर्शन'. मास्तर शाळेत संस्कृत शिकवत. न्यायशास्त्र त्यांना पाठ होतं, पण चीनबद्दल चिनी मातीच्या बरणीपलीकडे काही ठाऊक नव्हतं. मग मुंबईहून जाडजूड इंग्रजी ग्रंथ आले आणि आठवडाभरातच मास्तर एका चिनी मतावर लट्टू झाले. ते मत असं, की प्रत्येक गोष्टीला तिचं खरं नाव द्यावं. राजा राजासारखा वागला तरच राजा, बाप बापासारखा वागला तरच बाप. नावं बिघडली की राज्य बिघडतं.

"इतकं रोखठोक आपल्याकडे कुणी सांगितलं नाही," ते बायकोला, कलावतीला म्हणाले.

"मग तुम्ही सांगा की!" ती म्हणाली, आणि तेच तिला भोवलं.

सकाळी दूधवाला पोपट दारात आला. मास्तर ओटीवरून ओरडले, "अगं, पाणीवाला आलाय!" पोपटने चरवी उचलली आणि सरळ शेजारी आवडाबाईंकडे वळला. मास्तरांनी कोरा चहा घेतला आणि सत्यासाठी सोसावं लागतं असं म्हणाले. कलावतीला हसू आवरेना.

जेवताना मात्र तिचं हसू मावळलं. तिचा धाकटा भाऊ गोविंदा नोकरी शोधायला चिपळूणहून आला होता, तो उन्हाळ्यापासून इथेच होता.

"गोविंदा," मास्तर म्हणाले, "तुला पाहुणा म्हणणं आता शास्त्राला धरून नाही. पाहुणा येतो आणि जातो."

"मग काय म्हणायचं, भावोजी?"

"तोच शब्द शोधतोय."

गोविंदा हसला, पण पुढची भाकरी त्याने घेतली नाही. कलावतीने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो ट्रंक घेऊन कल्याणला मित्राच्या खोलीवर राहायला गेला.

कलावती भांडली नाही. तिने फक्त 'अहो' म्हणणं सोडलं. पान वाढलं की पाट आपटायचा, मीठ संपलं की ते भिंतीला सांगायचं. दोन दिवसांत मास्तर भिंतीवर जळू लागले.

"मला हाक का मारत नाहीस तू?"

"शब्द शोधतेय. 'अहो' म्हणायचं ते घरातल्या कर्त्या पुरुषाला. कर्ता म्हणजे करणारा, हे तुम्हीच शिकवता ना? कौलं मी शाकारून घेते, बाजार मी करते. तुम्ही माझा भाऊ तेवढा घालवून दाखवलात."

मास्तर घाईघाईने न्यायशास्त्राच्या आडोशाला गेले. "हे बघ, शब्दाचा अर्थ संकेताने ठरतो. अमुक शब्दाने अमुक समजायचं, बस्स. वागण्याचा त्यात संबंध नाही."

"म्हणजे पोपट संकेताने दूधवालाच, आणि गोविंदा संकेताने पाहुणाच. मग दुसऱ्यांना चीन आणि स्वतःला न्याय, असं का?"

मास्तरांनी खुंटीवरचा कोट अंगात चढवला. "चल, कल्याणला जाऊ."

गोविंदा स्टोव्हला पिन मारत बसला होता. मास्तर उंबऱ्यातच थांबले. "तू पाहुणा नाहीस म्हणालो, ते खरंच होतं. पुढचा शब्द शोधायचा मी कंटाळा केला. तू घरचा आहेस. चल." आणि ट्रंक त्यांनी स्वतःच उचलली. जिन्यात त्यांचा तोल गेला.

"अहो, जपून!" कलावतीच्या तोंडून निघून गेलं. मास्तर इतके खूश झाले की दुसरी पायरीही चुकले. पोपटची समजूत मात्र तिलाच काढावी लागली.

व्याख्यानाला वाचनालय भरलं होतं. मास्तर म्हणाले, "शब्द वस्तूपर्यंत कसा पोचतो, हे न्याय सांगतो. माणूस आपल्या नावापर्यंत पोचतो का, हे चिनी पंडित विचारतात. पहिलं मी जन्मभर शिकवलं. दुसरं मला घरी विचारलं गेलं." बायकांच्या रांगेतल्या माना वळल्या. कलावतीने पदर सावरला.

एक म्हातारे वकील उठले. "माणूस पोचला नाही, तर नाव काढून घ्यावं का?"

"काढणं सोपं आहे, वकीलसाहेब. राहू दिलं, तर माणूस लाजेकाजेस्तव थोडा वाढतो."

वकिलांचं समाधान झालं नाही. वाद घालत घालत ते रूळ ओलांडून थेट कोपरीपर्यंत चालत आले, आणि कलावतीने आणखी एक पान मांडलं.