बोटाच्या टोकाला दात

दुपारची प्रार्थना होईपर्यंत बोलायचं नाही, हे माझं रोजचं व्रत. लिहिणंही मी बोलण्यातच धरते. खुणांना तेवढी सूट. संग्रहालयात जुनी हाडं दगडातून मोकळी करायचं माझं काम, त्यामुळे अडत काहीच नाही. दगडही गप्प, मीही गप्प.

गप्प बसत नाहीत ते मामंजी, माझे सासरे. शिंपीकाम बंद करून घरी बसले आणि सासूबाईंना सळो की पळो करून सोडलं. शेवटी आमच्या संग्रहालयाच्या मोठ्या बाईंनी त्यांना काम दिलं आणि माझ्याच खोलीत शिलाईचं मशीन मांडून दिलं.

काम असं होतं. आमच्या दगडातून लांबच लांब, बारीक, आतून पोकळ हाडं निघाली होती, एकापुढे एक ओळीने. फार पूर्वी उडणारे सरपटणारे प्राणी होते, त्यांच्या हाताचं एक बोट भलतंच वाढलेलं असे आणि पंखाचं कातडं त्याच बोटावर ताणलेलं असे. ही त्या बोटाची हाडं, असं मी म्हटलं. मोठ्या बाईंनाही ते पटलं. दालनाच्या छताला या प्राण्याचा पुतळा टांगायचा ठरलं आणि त्याचे पंख शिवायचे मामंजींनी.

कापड त्यांनी स्वतः हुडकून आणलं. मातकट, मऊ, ताणलं की कातड्यासारखं दिसणारं. दुकानदाराकडचा तो शेवटचा तागा, पुन्हा मिळायचा नाही. त्यात दोन्ही पंख जेमतेम बसत होते.

त्या सकाळी ते खडूने आखत होते आणि तोंडाचा पट्टा चालू होता.

"सूनबाई, गल्लीत सगळ्यांना आमंत्रण देऊन आलोय. जन्मभर लोकांच्या अंगावर शिवलं, आता म्हटलं आभाळात बघा! तो इस्त्रीवाला हसत होता. म्हटलं, ये तू, मान मोडेपर्यंत वर बघायला लावतो."

मी हसून मान हलवली आणि सुईने दगड टोकरत राहिले. शेवटच्या हाडाच्या पुढचा भाग तेवढा मोकळा करायचा होता. बोट संपतं तिथे निमुळतं टोक मिळायला हवं. ब्रश फिरवला, तर टोकाऐवजी काहीतरी चमकलं. एक दात. शेजारी दुसरा. मग इवलासा जबडा.

बोटाच्या टोकाला तोंड!

हे बोट नव्हतंच, ही मान होती. अंगापेक्षा लांब मान असलेला एक प्राणी पुस्तकात पाहिला होता, टॅनिस्ट्रोफियस. पाण्याकाठचा, मासे खाणारा. पंखाचं नावसुद्धा नाही.

मामंजींनी कात्री उचलली.

दगडाचा एक तुकडा नुकताच गोंदाने चिकटवला होता, तो धरून माझा डावा हात अडकलेला. उजव्या हाताने मी टेबलावर थाप मारली, दगडाकडे बोट केलं आणि मानेवरून हात वरवर नेला.

"घसा बसला? न बोलता बसला? कमाल आहे! आलोच, एवढं कापून गरम पाणी देतो."

मी जोरजोरात नकार दिला आणि दात दाखवले.

"हसतेस काय?"

मी दातांवर बोट आपटलं. त्यांनी घाईने तोंडात जीभ फिरवली. "माझी कवळी आहे की जागेवर! काय गं, आज काय खेळ मांडलायस?"

आणि कात्रीचं तोंड उघडून ते कापडावर वाकले. तिरका काप गेला असता तर सगळा तागा तुकड्यांचा झाला असता. मी मनात देवाला म्हटलं, समजून घे.

"मामंजी, थांबा!"

कात्री हातातून पडली. कापडावर नाही, नशीब, जमिनीवर.

"अगं, व्रत!" ते कळवळलेच. "माझ्यापायी मोडलंस?"

"ते मी बघते देवाशी. आधी इकडे या. हा पंख नाही, मान आहे."

ते भिंग लावून कितीतरी वेळ दात बघत राहिले. मग स्टुलावर मटकन बसले.

"म्हणजे हा उडत नव्हता."

"नाही."

"आणि मी सगळ्या गल्लीला..." मामंजी गप्प बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

"चूक माझी आहे. बोट मीच म्हटलं होतं. गल्लीत मी सांगेन."

तेवढ्यात मोठ्या बाई डोकावल्या. दात पाहून त्या खो खो हसत सुटल्या. "अहो, याच प्राण्याची हाडं पाहून पूर्वीचे मोठमोठे विद्वान असेच फसले होते! आपण चांगल्या पंगतीत बसलो. पण आता याला टांगता नाही यायचं. जमिनीवर उभा करावा लागेल. मानेला कापड पुरेल का हो?"

मामंजींनी तोंड वर केलं. उठले, गळ्यातली टेप दगडावरच्या मानेला लावली, ताग्याला लावली. पुन्हा मानेला लावली.

"उभं धरलं तर एकसंध निघेल. मध्ये एकही जोड नको." आवाज परत चढू लागला. "पंख म्हणजे काय, पडदाच की, कुणीही शिवेल. ही बाही आहे, बाही! एवढी लांब बाही शिवलीय कुणी? आणि काय गं, हा मान वळवायचा का?"

"फारशी नाही. ताठच असायची."

"मग चुणी चालायची नाही. बघ आता."

त्यांनी आखलेला खडू झटकला आणि नवी रेघ ओढली, सरळ. मी प्रार्थनेला उठले तेव्हा मशीन सुरू झालं होतं. त्या दिवशी देवासमोर बराच वेळ बसले. रागावल्यासारखं काही जाणवलं नाही.

दालन उघडलं त्या दिवशी अख्खी गल्ली आली. पुढे इस्त्रीवाला. सगळे आत शिरले आणि छताकडे माना करून उभे राहिले.

"वर काय बघताय?" मामंजी मागून ओरडले. "छताला पंखे आहेत. इकडे बघा, कमरेपाशी!"

पुतळ्याची लांब मान कठड्यावरून बाहेर आली होती आणि तो इवलासा जबडा नेमका इस्त्रीवाल्याच्या खिशाशी टेकला होता.

"बापरे!" तो मागे सरला. मग वाकून हात फिरवत, टाका शोधत राहिला. कुठे सापडेना.

"शिवण कुठंय हो, काका?"

"शोध," मामंजी म्हणाले आणि खुर्ची ओढून आरामात बसले.