दिव्यावाचून अडलेला स्फटिक

मी स्फटिक बोलतोय. डोळ्यांच्या दवाखान्यात लेझरचं एक यंत्र आहे, त्याच्या पोटात मी असतो. पेन्सिलीच्या थोटकाएवढी जांभळट कांडी, बस्स.

माझा जन्म भट्टीतला. धगधगत्या रसात स्फटिकाचा इवलासा कण टेकवला आणि गोल फिरवत इतका हळू वर ओढला, की मला वाढायला आठवडे लागले. रसात निओडिमियम नावाच्या धातूचे अणू चिमूटभर मिसळले होते. माझं कर्तृत्व सगळं त्यांचंच. शेजारचा दिवा लखकन पेटला की ते त्याचा प्रकाश पितात. मग एकाने तो सोडला की बाकीचेही त्याच्याच तालावर सोडतात. दोन टोकांच्या आरशांमध्ये तो येरझारा घालत वाढतो आणि बारीक किरण होऊन बाहेर पडतो. दिसत नाही, पण डोळ्यातल्या नजर अडवणाऱ्या पडद्याला भोक पाडतो. माझा स्वतःचा उजेड मात्र कणभरही नाही.

माझं यंत्र ताई चालवायच्या. अकरा वर्षांत हजारो हनुवट्या यंत्रासमोरच्या पट्टीवर टेकल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भिंगामागे पडदा धरून पुन्हा धूसर दिसू लागलेले लोक पाच मिनिटांत लख्ख बघत घरी जायचे. खरं सांगतो, मला गर्व झाला होता.

मग एक दिवस दिवा गेला. ताईंनी नव्या दिव्यासाठी अर्ज केला. वरून सही यायची होती. कागद काही हलेना.

त्याच आठवड्यात रफूवाल्या मावशी आल्या. फाटलेल्या कापडात धागा असा मिसळायच्या, की भोक होतं कुठे हे मालकालाही सापडू नये. डावा डोळा लहानपणीच गेलेला. सगळी भिस्त उजव्यावर. त्यातलं पाणी झिरपायची वाट अरुंद झाली होती. "बुबुळाच्या पडद्याला बारीकसं भोक पाडायचंय, लवकर. नाहीतर पाणी तुंबून डोळ्यातला दाब वाढेल," डॉक्टरांनी बजावलं होतं.

"यंत्र बंद आहे, मावशी. दिवा यायचाय," ताई म्हणाल्या.

"एवढं मोठं धूड, आणि दिव्यावाचून अडलंय? आमच्याकडे दिवा गेला तर मेणबत्ती लावतो," मावशी हसल्या.

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्याही. ताईंना मान वर करवेना. दुसरं यंत्र दिवसभराच्या प्रवासावर होतं, आणि मावशींना एकटीने जाणं जमण्यासारखं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात लेकीने त्यांना धरून आणलं. डोळा लालभडक, उलट्या थांबेनात. "डोकं फुटतंय गं!" डॉक्टरांनी औषधं घातली, इंजेक्शन दिलं. दाब उतरेना. शेवटी गाडी करून त्यांना त्या दुसऱ्या यंत्राकडे धाडलं. मी तिथेच होतो, एकही चरा नसलेला, आणि दगडाइतकाच उपयोगाचा.

दिवा नऊ दिवसांनी आला.

ते कळताच लेक मावशींना घेऊन आली. तिकडे उशिरा भोक पाडलं होतं. दाब उतरला, पण डोळ्यामागची नस मेली होती. डॉक्टरांनी तसं सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं. मग हाताने चाचपत यंत्रापाशी आल्या आणि आपणहून हनुवटी पट्टीवर टेकवली.

"सुरू झालं ना आता? मग करा की, ताई."

ताईंनी कळ दाबली नाही. त्या मावशींचा खांदा धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

आता मी रोज चालतो. तुम्ही या, भोक पाडून घ्या. पण कुणी "पुढच्या आठवड्यात या" म्हटलं तर हलू नका, भांडा. मावशी भांडल्या नाहीत. त्या दिवशीही त्या हनुवटी टेकवून वाट पाहत राहिल्या, आणि मागे रांगेतल्या कुणीतरी विचारलं, "अजून किती वेळ?"