साखरीचा खुराक

उस्तादाला भेटलात तर पहिल्या पाच मिनिटांत तो सांगेलच, की मला सरळ करता येणार नाही असं घोडं अजून जन्माला यायचंय. सांगू द्या. त्याची घोडेस्वारीची शाळा होती, तबेल्यात नऊ घोडी होती आणि घरात एक म्हातारा बाप. बापानेच त्याला खोगिरावर बसायला शिकवलं, पण हे तो चुकूनही बोलत नसे. म्हाताऱ्याचे गुडघे गेले, कान गेले. दिवसातून दोनदा तबेल्यात यायचं आणि साखरी या घोडीच्या मानेवरून हात फिरवायचा, एवढंच त्याचं सुख उरलं होतं. साखरी त्याच्याच हातावर जन्मलेली.

मग साखरी बिघडली. वळणावर अडखळायची, लगाम ओढला तरी लक्ष द्यायची नाही, भिंतीला कपाळ टेकून उभी राहायची.

"माजलीय," उस्ताद म्हणाला आणि त्याने चाबूक काढला. पाठीवर वळ उठले, तरी घोडी आपली भिंतीशीच. तेव्हा त्याने तिचा मका बंद केला. नुसतं गवत आणि पाणी.

आता या मक्याचंही ऐका. साखरी बिघडायच्या आधीच कोठाराचं छप्पर गळलं होतं आणि कोठीच्या तळाशी पाणी गेलं होतं. दाण्यांवर पांढरी-गुलाबी बुरशी चढली होती. उस्तादाने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. पाहून काय केलं? दाणे उन्हात पसरले, गोणपाटाने खसाखसा चोळले, वास मरावा म्हणून वर गुळाचं पाणी शिंपडलं आणि साखरीपुढे ठेवले. बाकीच्या आठ घोड्यांना का नाही? ती लोकांनी ठेवायला दिलेली. त्यांचे मालक येऊन खुराकात हात घालून बघायचे. साखरी घरची. घरच्याला कोण विचारतंय!

सहा दिवसांत घोडी सुधारली. मान वर, कान टवकारलेले, वळणं कशी सफाईदार. उस्तादाला तर आभाळ ठेंगणं झालं. जो भेटेल त्याला तो ऐकवायचा, "मार आणि उपास. दुसरं औषध नाही!" सातव्या दिवशी त्याने खूश होऊन तिला बक्षीस दिलं, मक्याची दोन मापं, रोजच्या दुप्पट. पुढचे दोन दिवसही तेवढीच.

दहाव्या दिवशी सकाळी साखरी गोल गोल फिरायला लागली. सारखी डावीकडे. डोळे उघडे होते, पण त्यांना काही दिसत नव्हतं. तिने बादली तुडवली, खांबावर तोंड आपटून घेतलं, मग आडवी पडली आणि नुसती पाय झाडत राहिली. म्हातारा तिच्या डोक्याशी बसला होता, "ऊठ गं बाय माझी, ऊठ," म्हणत. उस्तादाला वाटलं, सोंग करतेय. त्याने पडलेल्या घोडीला एक लाथ घातली. हो, बापासमोर.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा हाती काही उरलं नव्हतं. सुई देऊन त्यांनी तिला कायमचं सोडवलं आणि उस्तादाला घेऊन कोठारात गेल्या. कोठीत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी तळचे दाणे वर काढले.

"या बुरशीचं विष घोड्याच्या मेंदूत जातं. मेंदू आतून नासतो. चोळून वाळवून ते जात नाही. किती दिवस घालताय हे?"

"महिना झाला असेल. मधे सहा दिवस बंद केला होता, मग दुप्पट दिला."

"आणि बंद केल्यावर सुधारली होती ना? तेव्हाच ओळखायला हवं होतं. बंदच ठेवलं असतं तर कदाचित वाचलीही असती. पुन्हा दुप्पट घालायची अक्कल कोणाची?"

उस्ताद कोठीचं झाकण लावायला लागला. बाईंना काय समजायचं ते समजलं आणि त्या तडक आपल्या गाडीकडे गेल्या.

तो तबेल्यात परतला तेव्हा म्हातारा अजून घोडीपाशीच होता. "अरे," तो चाचरत म्हणाला, "तिच्या उपासात मी तिला मका देत होतो. रोज एक मूठ, तुझी नजर चुकवून. तिचं तोंड बघवेना रे. बाई काय म्हणाल्या? माझ्यामुळे तर नाही ना गेली?"

दोन मापांपुढे एक मूठ म्हणजे काय, हे उस्तादाला कोणी शिकवायला नको होतं. "नाही हो बाबा," एवढंच म्हणायचं होतं. बापाला कमी ऐकू येतं म्हणून तो खाली वाकला आणि त्याच्या कानाशी एकेक शब्द सुटा करून बोलला.

"मका बाधला तिला. बंदच ठेवला असता तर कदाचित वाचली असती."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. नीच माणूस!

म्हाताऱ्याने घोडीच्या मानेवरचा हात काढून घेतला.

"म्हणजे तू तिला बरी करत होतास," तो म्हणाला, "आणि मी मनातल्या मनात तुला कसाई म्हणत होतो."

"असू दे," उस्ताद म्हणाला. मोठ्या मनाने माफच केलं त्याने! आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं.

"बाकीच्यांच्या जवळ आता मी येत नाही," म्हातारा म्हणाला. "माझा हात वाईट."

"नकाच येऊ."

म्हाताऱ्याने उठायला आधार मागितला. उस्तादाने हात पुढे केला. त्याला धरून म्हातारा कसाबसा उभा राहिला, आणि उभा राहिल्यावरही तो हात सोडेना. दोन्ही हातांत घट्ट धरून तो लेकाची माफी मागत राहिला, आणि लेकाने त्याला ती मागू दिली.