गोडं पाणी

मी टाकी बोलतेय. पाण्याचीच, पण गच्चीवरची नव्हे. बाहेरच्या खोलीत, टीव्हीची जागा बळकावून बसलेली, खाऱ्या पाण्याची. माझ्यामुळे टीव्ही आत गेला, म्हणून या घरात येणारे पाहुणे मला पाण्यात पाहतात. माझ्या बाबतीत ते दोन्ही अर्थांनी खरं आहे.

जन्मानं मी बुटांच्या दुकानाची शोकेस. दुकान बुडालं, काचा निघाल्या आणि एका काच कापणाऱ्या कारागिराच्या हाती लागल्या. तो या घरातला थोरला. त्यानं मला मापात कापलं, कडा घासल्या, सांधे चिकटवले आणि सुकायला ठेवलं. धाकटा शेजारी भरलेली बादली घेऊन उभाच.

"भरू?"

"सुकू दे."

"सुकलंय रे. बोट लावून बघ."

थोरल्यानं बघितलं नाही. धाकट्यानं बोट लावून बघितलं. तो ठसा माझ्या डाव्या कोपऱ्यात आजही आहे.

हा धाकटा टेम्पो चालवतो. शाळेशी त्याचं फार दिवस जमलं नाही. सिग्नल लाल झाला की कुणीतरी मुद्दाम आपला अपमान केला असं त्याला वाटतं. अशा माणसाच्या घरात समुद्र उभा करायचा म्हणजे थोरल्याच्या धीराची कमालच.

माझ्यात वाळू आली, भोकाभोकांचे दगड आले, मीठ कालवलेलं पाणी आलं, घरघरणारा पंप आला. मासे मात्र आले नाहीत. दोघं भाऊ नुसत्या दगडांकडे सिनेमा बघावा तसे बघत बसायचे. मामा आले, वाकून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"मासे कुठायत?"

"पाणी मुरतंय, मामा," थोरला म्हणाला.

"ते दिसतंयच. कुठं मुरतंय तेवढं कळेना."

थोरल्यानं समजावलं. नव्या पाण्यात मासा जगत नाही. घाण खाणारे बारीक जीव आधी दगडांत वस्तीला यावे लागतात, तोवर थांबायचं. मामांनी मान डोलावली. काहीच न कळलेला माणूस डोलावतो तशी.

मुरलं एकदाचं. मग प्रवाळाचा एक तुकडा आला, शर्टाच्या बटणांएवढ्या हिरव्या तोंडांचा. दिवा लागला की उघडायचा, कुणी काचेवर टिचकी मारली की मिटायचा. दोन नारिंगी मासे आले. थोरल्यानं काच कापायच्या हिऱ्यानं माझ्या कडेला एक रेषा ओढली. पाणी उडून जातं, रोज रेषेपर्यंत भरायचं. काय भरायचं, का भरायचं, हे धाकट्यानं कधी विचारलं नाही. थोरला होता ना.

मग थोरल्याला ताप आला. साधाच आहे, साधाच आहे म्हणता म्हणता तो दवाखान्यात गेला. तिथून फोन केला की स्वतःचं कमी आणि माझंच जास्त विचारायचा.

"रेषेखाली गेलं असेल. गोडं पाणी घाल. थोडं थोडं. घाई करू नकोस."

"बरं. तू कधी येतोस?"

"येतो."

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. एवढं एकच बोलला.

घर माणसांनी भरलं. चहाचे कप ठेवायला माझं झाकण सोयीचं पडलं. कुणीतरी उसासा टाकून म्हणालं, "सुटला बिचारा."

"कशातून?" धाकट्यानं विचारलं.

सगळे घाईघाईनं माझ्याकडे वळले. मासे किती छान आहेत, असं ठरलं.

मामा व्यवहारी. "आता हे कोण बघणार? आतलं मेलं की सांग, टेम्पो तुझाच आहे. माझ्या दुकानात बरण्या ठेवायला काच बरी आहे."

"मरणार नाही."

"अरे, सगळंच मरतं."

"मामा, चहा गार होतोय."

माणसं पांगली तेव्हा धाकट्याला दिसलं, पाणी रेषेच्या बरंच खाली गेलंय. तो तडक स्वयंपाकघरात गेला. तांब्यात पाणी घेतलं आणि त्यात साखर घातली. हो, साखर. ढवळली. जिभेवर थेंब घेऊन बघितला. पुरेसं गोड वाटेना, म्हणून आणखी दोन चमचे. आणि थोडं थोडं, अजिबात घाई न करता, रेषेपर्यंत ओतलं. जन्मात एकदा हा माणूस धीरानं वागला, तो असा.

दुसऱ्या दिवशीही घातलं. त्याच्या पुढच्या दिवशीही.

मी दुधासारखी पांढरी झाले. ते बारीक जीव साखरेवर असे माजले की माशांना श्वासाला हवा उरेना. प्रवाळ मिटला. एक मासा गेला. दुसरा वर येऊन तोंड उघडत मिटत राहिला. धाकटा मामांचा फोन उचलेना. मला हलवलं, पंपाला चापट मारली, आणि पुन्हा साखरेचा डबा काढायला निघाला.

"साखर कुणाला?" आईनं विचारलं. थोरला गेल्यापासून ती कामापुरतंच बोलायची.

"टाकीला. दादानं सांगितलं होतं. गोडं पाणी घाल म्हणून."

आईनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "गोडं तेल म्हणतो आपण. त्यात काय साखर असते?"

धाकट्यानं काढलेला डबा पोटाशी धरला.

"गोडं म्हणजे पिण्याचं, अरे. बिनमिठाचं. मीठ खालीच राहतं, पाणी तेवढं उडतं. किती चमचे घातलेस?"

"मोजले नाहीत. चव बघून घातले."

आई हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसली. "तो असता ना, तर लोळला असता," म्हणाली, आणि तिथून पुढं ते हसू राहिलं नाही. धाकटा डबा तसाच पोटाशी धरून तिच्या शेजारी खाली बसला.

उठला तो नळी घेऊनच. सगळं पाणी उपसून टाकायचं, नव्यानं भरायचं.

"सगळं नको," आई म्हणाली. "तो कधी सगळं काढायचा नाही. थोडं काढ, तेवढंच खारं कालवून घाल. मग थांब."

"किती थांबू?"

"थांब."

तेव्हापासून तो थांबलाय. टेम्पो लावून येतो, माझ्यासमोर स्टूल ओढतो आणि बघत बसतो. मी आता बरीच निवळलेय. एक मासा आहे. प्रवाळ अजून मिटलेला. मेलाय की रुसलाय, ते मलाही सांगता येत नाही.

परवा मामा माप घ्यायची टेप घेऊनच आले. "काय, मेलं ना सगळं?"

"पाणी मुरतंय, मामा," धाकटा म्हणाला. हुबेहूब त्याच आवाजात. मामांनी टेप खिशात ठेवली आणि मान डोलावली नाही.

तुमच्याकडे माझं मागणं थोडकं आहे. माझ्या झाकणावर कप ठेवू नका. टिचकी मारू नका. आणि कुणाच्या घरी गेलात तर माणूस कशातून सुटला हे ठाऊक असल्याशिवाय 'सुटला' म्हणू नका.

बाकी माझं बरं चाललंय. धाकटा रोज गोडं पाणी घालतो, बिनसाखरेचं, रेषेपर्यंत. ओतताना वाकतो तेव्हा नाकाच्या शेंड्यावरून एखादा थेंब माझ्यात पडतो. तो खारा असतो. वरून खारं घालायचं नाही हा थोरल्याचा नियम. एवढं मी चालवून घेते.